स्पोर्ट क्वाडचे शॉकअप बदलताना: नागपूरकर क्वाडवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

हिंगणा रोडला आमचं छोटं गॅरेज आहे. रोजचं काम बुलेट-पल्सरचं, क्वाड (हँडलवाल्या चार चाकी गाड्या) महिन्याला दोन-तीनच येतात. फोन मात्र क्वाडवाल्यांचेच जास्त, आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "भाऊ, कोणत्या कंपनीचे शॉकअप टाकू?" फोनवर तेच ते सांगून घसा बसून राहिला, म्हणून इथे लिहून ठेवतो. माझं मत आधीच सांगतो. कंपनी हा शेवटचा प्रश्न आहे. त्याआधी तुमचं वजन, मग तुमची जमीन, मग गाडीचं माप.

शॉकअप गेला हे ओळखायचं कसं?

शॉकअपमधून आत-बाहेर होणाऱ्या चकचकीत रॉडवरून बोट फिरवा. धुळीची बारीक रेघ आणि तेलाचा पुसटसा ओलावा असतोच, त्याला घाबरू नका. तेलाचा ओघळ खाली बुशपर्यंत (शॉकअपच्या टोकाच्या भोकातल्या नळीपर्यंत) आला असेल तर सील गेलं. मग गाडी थंड असताना पुढचं टोक दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीन डोल घेतले तर आत दम राहिलेला नाही. आणखी एक खूण आहे: पहिली दहा मिनिटं गाडी छान चालते आणि नंतर पाळण्यासारखी डुलायला लागते. तेव्हा तेल जुनं झालेलं असतं किंवा गॅस उडालेला असतो.

पण "शॉकअप गेला" म्हणून आलेल्या गाड्यांत निम्म्या वेळा दुखणं भलतंच निघतं. जॅक लावून चाक दोन्ही हातांनी हलवा. टक-टक वाजलं तर बुश किंवा बॉल जॉइंट (चाकाजवळचा गोळ्याचा सांधा) बघा. आणि हवा! मागे एक पोरगा रडकुंडीला येऊन आला, "गाडी दगडासारखी कडक झाली, शॉकअप जाम झाले." टायरमध्ये २२ पीएसआय हवा होती. पेट्रोल पंपावर स्कूटर समजून भरून दिली होती. स्पोर्ट क्वाडच्या टायरला ४ ते ६ पीएसआय लागते, आणि पंपावरच्या मीटरला इतकं कमी नीट वाचताच येत नाही. कमी दाबाचा वेगळा गेज घ्या. मी हवा सोडली, तो चक्कर मारून आला आणि म्हणाला, "भाऊ, पैसे किती?" काय घेणार!

नवे घ्यावे की जुने रिपेअर करावे?

शॉकअपच्या तोंडाशी बघा. आत सर्कलिप किंवा आट्याचं झाकण दिसतं आणि गॅसचा व्हॉल्व्ह आहे, म्हणजे तो उघडतो. पत्रा दाबून कायमचा बंद केलेला असेल तर उघडत नाही, बदलायचाच. चायनीज ११०-१२५ सीसीच्या गाड्यांवर बहुतेक दुसऱ्या जातीचे येतात. यामाहाच्या रॅप्टर ७००आर किंवा वायएफझेड४५०आरवरचे कंपनीचे शॉकअप उघडणारे आहेत आणि मुळात वाईट नाहीत. त्यात नवं तेल, नवं सील, नायट्रोजन आणि तुमच्या वजनाची स्प्रिंग टाकली, तर निम्म्याहून जास्त लोकांना नवे घ्यायची गरजच राहत नाही.

रॉडवर नख उभं धरून ओढा. नख अडलं, म्हणजे क्रोमला खड्डा पडला. त्यावर नवं सील टाकणं म्हणजे फाटक्या पिशवीत दही भरणं. रॉड हार्ड क्रोम करून घ्या किंवा नवा टाका, मगच सील.

माझं वजन ९० किलो आहे. कडक शॉकअप घेऊ का?

या पानावरचा हाच खरा प्रश्न. "कडक शॉकअप" असं काही मागू नका. कडक काय हवं ते आधी ठरवा. स्प्रिंग वजन उचलते, तेल वेग आवरतं. ही दोन वेगळी कामं आहेत. वजनाचा प्रश्न स्प्रिंगचा, आणि तो सॅग मोजून सुटतो. सॅग म्हणजे तुम्ही बसल्यावर गाडी किती दबते ते. लागतो एक टेप आणि एक मित्र.

आधी टायरची हवा बरोबर करा. गाडी जॅकवर घ्या, चाकं लोंबकळू द्या. चाकाच्या मधल्या नटपासून सरळ वर फेंडरवर मार्करनं खूण करा आणि अंतर लिहा. आता गाडी खाली घ्या. इथे नव्वद टक्के लोक चुकतात. जॅकवरून उतरलेल्या क्वाडची पुढची चाकं आतल्या बाजूला ओढलेली असतात आणि टायरची पकड त्यांना बाहेर सरकू देत नाही, त्यामुळे गाडी खोटी उंच उभी राहते. म्हणून गाडी दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकला, हँडलवर दाबून हलवा, मग माप घ्या. पहिल्या मापातून हे वजा केलं की मोकळा सॅग. त्यानंतर हेल्मेट, बूट, सगळं घालून तुम्ही चढा, नेहमी जसे उभे राहता तसे उभे राहा आणि मित्राला तेच अंतर मोजू द्या. पहिल्या मापातून हे नवं माप वजा केलं की तुमच्यासकट सॅग मिळाला.

हा आकडा चाकाच्या एकूण चालीच्या (चाक वर-खाली जेवढं जातं त्याच्या) पाव ते एक तृतीयांशाच्या मध्ये हवा. रॅप्टर ७००आरची चाल कंपनीनं पुढे २३१ आणि मागे २५६ मिमी दिली आहे. तीस टक्के धरले तर पुढे ७० आणि मागे ७७ मिमीच्या आसपास. वायएफझेड४५०आरची चाल त्याहून जास्त, म्हणून तिचा आकडाही वेगळा येईल. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका.

आता मोकळ्या सॅगकडे बघा. तुमच्यासकटचा सॅग बरोबर आणण्यासाठी चकती (स्प्रिंग दाबून धरणारी आट्याची रिंग) खूप आवळावी लागली आणि मोकळा सॅग जवळजवळ शून्य झाला, तर स्प्रिंग मऊ आहे. उलट चकती पार ढिली करूनच सॅग जुळला आणि तुम्ही नसतानाही गाडी बरीच दबून बसते, तर स्प्रिंग कडक आहे. मागवताना एकक बघून घ्या: १ किलो प्रति मिमी म्हणजे साधारण ५६ पाउंड प्रति इंच. परदेशी दुकानं पाउंडात बोलतात. नुसतं "पाचची द्या" म्हटलं तर काय हाती येईल, देव जाणे.

चकती आवळली की स्प्रिंग कडक होते ना?

नाही. गाडी फक्त उंच होते. सरळ स्प्रिंगला जेवढं वजन दिलं तेवढीच ती दबते, चकती कुठेही असो.

एका शॉकअपवर दोन-दोन स्प्रिंग का असतात?

एकावर एक ठेवलेल्या दोन स्प्रिंग मिळून कोणत्याही एकीपेक्षा मऊ वागतात. ४ आणि ६ किलोच्या स्प्रिंग जोडल्या तर दोघींचं मिळून २.४ किलो प्रति मिमी होतं. बारीक खडीवर हे मऊपण हवंसं वाटतं. गाडी जोरात दबली की मधली रिंग अडते, वरची स्प्रिंग बाद होते आणि खालची ६ची एकटी काम करते. म्हणजे पांदणीवर (शेताकडच्या कच्च्या वाटेवर) मऊ आणि धुऱ्यावरून (बांधावरून) उडी पडली की टणक. ही रिंग कुठे अडावी हे हलवता येतं. जोडी घेताना रिंग हलणारी आहे का ते विचारा.

जुनी स्प्रिंग कापून कडक करता येते म्हणे?

येते. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, ते खरं आहे. पण कापलेलं टोक सपाट बसत नाही, रॉड तिरपा दबतो आणि सील एका बाजूनं झिजतं, शिवाय गाडी बुटकी होते. गॅस कटरनं कापली तर तापलेल्या जागी पोलादाचं पाणीच उतरतं. तारेची जाडी दहा टक्के वाढली तर स्प्रिंग जवळपास ४६ टक्के कडक होते, कारण जाडीचा चौथा घात लागतो. इतक्या नाजूक हिशेबात ग्राइंडर घालू नका.

माप कसं घ्यायचं? "रॅप्टरचा आहे" एवढं पुरे ना?

पुरे नाही, आणि हे मी पैसे घालवून शिकलोय. ऑनलाइन एक सेकंडहँड जोडी घेतली, विकणारा म्हणाला "अगदी तुमच्याच मॉडेलची". पेटी उघडली तर डोळ्यातला (टोकाच्या भोकातला) बोल्ट माझ्या गाडीपेक्षा २ मिमी जाड आणि लांबी दीड सेंटिमीटर जास्त. बुश लेथवर करून घेतले, म्हटलं जमून जाईल. गाडी उभी राहिली झक्कास. मग जॅकवर घेतली तर चाक इतकं खाली लोंबलं, की वरचा बॉल जॉइंट त्याच्या शेवटच्या कोनावर जाऊन अडला. त्या दिवशी उडी मारली असती तर जॉइंट तुटून चाक निघालं असतं. विकणाऱ्यानं नंतर फोन उचललाच नाही.

म्हणून मापं ही घ्या: दोन डोळ्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतची लांबी, शॉकअप पूर्ण लांबलेला असताना. रॉड एकूण किती आत जातो ते. दोन्ही टोकांच्या बोल्टची जाडी आणि बुशची रुंदी, कॅलिपरनं. टेपनं घेतलेलं बुशचं माप मला पाठवू नका, मी ते वाचतही नाही.

घेतल्यावर लगेच स्प्रिंगसकट बसवू नका. आधी स्प्रिंग काढा, नुसता शॉकअप बोल्टवर अडकवा, चाकाखाली जॅक लावून चाक पार वरपर्यंत न्या. शॉकअपच्या रॉडवरचं रबर आधी टेकलं पाहिजे. ए-आर्म (पुढचं चाक फ्रेमला जोडणारा दांडा) फ्रेमला आधी टेकला तर शॉकअपची लांबी किंवा चाल चुकली. तसंच खाली न्या आणि बॉल जॉइंट बघा. मग हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. शॉकअपला डबा (जादा तेल आणि गॅसचा) लावलेला असेल तर तो टाय रॉडला किंवा फ्रेमला घासतो का ते तेव्हाच कळतं. मागच्या बाजूला स्विंगआर्मवर चेन घासते का तेही बघा. या सगळ्याला अर्धा तास लागतो.

पुढून गाडी रुंद करायला लांब ए-आर्म टाकले. जुने शॉकअप चालतील?

बसतील, पण गाडी पुढून लुळी होईल. हिशेब करा. ए-आर्मच्या मुळापासून चाक ४०० मिमीवर आणि शॉकअप २०० मिमीवर असेल तर प्रमाण अर्धं, आणि चाकापाशी स्प्रिंगचा जोर त्याच्या वर्गानं येतो, म्हणजे पाव. आता चाक ४५० मिमीवर गेलं आणि शॉकअप तिथेच राहिला, तर तो जोर पावावरून एक पंचमांशाच्याही किंचित खाली येतो. स्प्रिंगला हात न लावता वीसेक टक्के मऊ झाली. त्यामुळे ए-आर्म आणि शॉकअप एकदमच ठरवा. आधी ए-आर्म घेऊन मग "पैसे जमले की शॉकअप" म्हणणारे सहा महिने फ्रेम घासत फिरतात.

पल्सरचे मागचे शॉकअप बसतात का हो? स्वस्त पडतात.

चायनीज १२५वर, पोरांसाठी, वावरात हळू चालवायला, माप जुळत असेल तर मी बसवून दिले आहेत. मोठ्या स्पोर्ट क्वाडवर मुळीच नाही. मोटारसायकलचा शॉकअप जवळजवळ उभा राहायला बनवलेला असतो आणि साध्या दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये तेलावर हवा असते. क्वाडच्या पुढे तो आडवा कलला की हवा तेलात शिरते, फेस होतो आणि दाब धरत नाही. शिवाय ए-आर्मवर तो चाकापेक्षा पुष्कळ आत बसतो, म्हणून त्याला कितीतरी कडक स्प्रिंग लागते. मोटारसायकलच्या स्प्रिंगचं ते काम नाही.

डब्याचे शॉकअप घ्यावे का? आपल्याकडे ऊन फार, म्हणून विचारतो.

ऊन फार हे बरोबर आहे. नवतपात पारा ४५च्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा काळा डबा सुरू करण्याआधीच हाताला चटका देतो. शॉकअपचं काम म्हणजे धक्क्याची उष्णता करणं. तापलेलं तेल पातळ होतं आणि गाडी डुलायला लागते. डब्यामुळे तेल जास्त मावतं, थंड व्हायला जागा मिळते, आणि आतला तरंगता पिस्टन गॅसला तेलापासून वेगळं ठेवतो, त्यामुळे फेस होत नाही.

तरी माझं उत्तर तुमच्या चालवण्यावर आहे. रविवारी सकाळी सहा ते आठ वावरात दोन चकरा मारून तर्री पोहे खायला जाणाऱ्याला डबा लागत नाही. अर्धा-अर्धा तास न थांबता मुरमाच्या ट्रॅकवर दामटणाऱ्याला लागतो. शॉकअपलाच चिकटलेला डबा साधा आणि टिकाऊ. नळीनं दूर बसवलेल्या डब्याला वारा चांगला मिळतो, पण नळी कुठेतरी घासतेच. तिच्यावर जुनी सायकलची ट्यूब गुंडाळा.

हवेच्या स्प्रिंगचे शॉकअप कसे?

फॉक्सचे फ्लोट याच जातीचे. लोखंडी स्प्रिंग नसते, हवाच वजन उचलते. हलके असतात आणि वजन बदललं की पंपानं जुळवता येतात, हा मोठा फायदा. आपल्याकडची अडचण तापमानाची. बंद हवा २५ अंशांवरून ८५वर गेली की तिचा दाब साधारण वीस टक्के वाढतो. दाब नेहमी सकाळी सावलीत, गाडी थंड असताना बघा. शिवाय सील धुळीला जास्त नाजूक. उन्हाळ्यात आपल्याकडे जी पिठासारखी धूळ उडते, तिच्यात मला लोखंडी स्प्रिंगच बरी वाटते. सवयीचाही भाग असेल.

नायट्रोजन नागपुरात कुठे भरायचा? पंपावर टायरला देतात तोच ना?

गॅस तोच, दाब तो नव्हे. शॉकअपला साधारण १५० ते २०० पीएसआय लागतात, नेमका आकडा त्याच्या कागदावर बघा. टायरवाल्याकडचं मशीन तिथवर जातच नाही. एसी मेकॅनिकला गाठा. पाइपची गळती बघायला त्याच्याकडे नायट्रोजनचा सिलिंडर आणि रेग्युलेटर दोन्ही असतात. एप्रिल-मेमध्ये मात्र तो तुम्हाला उभंही करणार नाही, सगळं शहर त्याच्या मागे लागलेलं असतं. काम फेब्रुवारीत उरकून घ्या.

साधी हवा भरू नका, तिच्यात ओल असते. आणि गॅस पूर्ण सोडल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. एकदा घाईत मी व्हॉल्व्ह नीट दाबलाच नाही, सर्कलिप काढली आणि झाकण कानाजवळून जाऊन छताच्या पत्र्याला लागलं. तो पोचा अजून आहे. कोणी "घरीच उघडून बघू का" म्हटलं की मी त्याला वर बघायला सांगतो.

हायस्पीड आणि लोस्पीडचे बटण कोणत्या वेगाचे?

गाडीच्या नव्हे, रॉडच्या वेगाचे. वळणावर गाडी कलते, ब्रेकला नाक दाबते, तेव्हा रॉड हळू जातो, तो लोस्पीड. दगडावर किंवा उन्हाळ्यात काळ्या मातीला पडलेल्या भेगेवर चाक आदळलं की रॉड झटकन जातो, तो हायस्पीड, गाडी वीसच्या वेगानं असली तरी. रिबाउंड म्हणजे परत येण्याचा वेग. तो फार हळू ठेवला तर ओळीनं आलेल्या खड्ड्यांत चाक परत यायच्या आत पुढचा खड्डा येतो, गाडी प्रत्येक वेळी थोडी-थोडी खाली बसत जाते आणि शेवटी टेकते. लोकांना वाटतं स्प्रिंग मऊ आहे. दोन क्लिक मोकळे केले की प्रश्न मिटतो.

आधी सॅग, मग रिबाउंड, मग लोस्पीड, शेवटी हायस्पीड. एका वेळी एकच, दोन क्लिकच्या वर नाही. सुरुवातीला सगळी बटणं पार आत फिरवून किती क्लिक होतात ते मोजून लिहा. शेवटाला जोर लावू नका, आतली सुई वाकते.

मागे मित्र बसतो. त्याच्या वजनाचीही स्प्रिंग घेऊ?

मित्राला खाली उतरवा. स्पोर्ट क्वाड एकट्याचीच गाडी आहे.

शेवटी कंपनी कोणती?

फॉक्स, एल्का, ओहलिन्स, तिन्ही चांगल्या. बाहेरून मागवून, कस्टम भरून पुढची जोडी लाखाच्या पुढे सहज जाते, आणि त्या पैशात आमच्या गल्लीत बरी मोटारसायकल येते. मी विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारतो: माझं वजन आणि ए-आर्म सांगितल्यावर स्प्रिंग त्याप्रमाणे देणार का, सील किट सुटं मिळतं का, आणि आतल्या तेलाचा नंबर काय. तिन्हीची उत्तरं लगेच मिळाली तर नाव मला दुय्यम. "सर्वांना चालतात" असं उत्तर आलं तर मी फोन ठेवतो.

किती दिवसांनी सर्व्हिस?

पावसाळ्यात चालवत असाल तर दिवाळीला एकदा उघडाच. काळी माती ओली असते तोवर बिचारी लोण्यासारखी असते. रॉडवर वाळली की पॉलिश पेपर होते आणि प्रत्येक दाबाला सील खरवडते. आल्या-आल्या साध्या पाण्यानं धुवा, ओल्या फडक्यानं रॉड पुसा. प्रेशर वॉशरची धार सीलवर मारू नका, माती आत जाते. बुशला ग्रीस द्या, आवाज येईपर्यंत थांबू नका.

बसवल्यावर ट्राय कुठे मारू?

रस्त्यावर नाही, या गाड्यांची तिथे नोंदणी नसते. पेंच, उमरेड-कऱ्हांडल्याच्या बाजूला जंगलात तर अजिबात नको. ओळखीच्याचं वावर बघा, पीक निघालेलं, मालकाला विचारून. काटोलच्या एका संत्रा बागायतदाराच्या पोरानं छान पद्धत काढली. बागेच्या कडेला एकच धुरा, तो एकाच गिअरमध्ये तीनदा ओलांडायचा. प्रत्येक वेळी रॉडला झिप टाय बांधायचा आणि तो किती सरकला ते मापून वहीत लिहायचं. टाय टोकापर्यंत गेला आणि आवाज आला, तर दोन क्लिक आवळायचे. टोकाला तीनेक सेंटिमीटर उरले तर दोन क्लिक सोडायचे. त्याची ती वही तेलानं माखलेली आहे, पण त्याचा फोन मला गेल्या वर्षभरात आलेला नाही.